भेसळ कुठून आणलीस?

अण्णा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. बोलायचं असलं की इंजिनावर वाकलेली असताना मी मनातल्या मनात बोलून घ्यायची आणि तेवढं पुरायचं. पण गेल्या आठवड्यात लातूरच्या माझ्या वर्कशॉपात एक ट्रक आला आणि त्या ट्रकमुळं काल रविवारी मी लोह्याकडं जाऊन आले. तिथं जे झालं ते मनातल्या मनात बोलून संपेना, म्हणून लिहायला बसले आहे.

दहा चाकी गाडी होती, मुरुडहून सोयाबीन घेऊन निघालेली. फाटकातून आत येतानाच मला तिचा आवाज खटकला. डायव्हरनं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि केबिनचा आरसा असा थरथरायला लागला की त्यात त्याचा चेहरा दिसेना. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. डायव्हर देवणीकडचा, पस्तिशीचा असेल. खाली उतरून म्हणाला, "मॅडम, पळताना तितकं कळत न्हाई, पण उभी केली की लई थरथरून राहिली. दोन ठिकाणी दाखिवली. लाइट काही जायना." त्याचं बोलणं संपायच्या आत गाडीचा मालक मोटारसायकलवरून आला. त्यानं मला बाजूला घेतलं नाही, डायव्हरच्या समोरच बोलला. "तीन नंबरचा इंजेक्टर नवा टाकला. पंधरा दिवसांत परत तेच. ह्यो डिझेल काढून इकतो अन् टाकीत रॉकेल वततो. तुमी फकस्त लिहून द्या मॅडम, डिझेलात भेसळ हाय म्हणून. फुडचं मी बघतो."  अनेकदा बोलून झालेलं असलं की माणूस जसा उभा राहतो तसा डायव्हर उभा होता, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून.

मी मालकाला म्हणाले, गाडी आज इथंच राहू द्या, संध्याकाळी या. आणि तो गेल्यावर पाणी पिण्याच्या निमित्तानं आत जाऊन बसले. तुम्हाला कळलंच असेल मी आत का गेले.

नांदेडचं आपलं गॅरेज आठवतं मला, तेव्हा नेहमी दुपारचंच आठवतं. पत्र्यातून येणारी धग, दारातलं लिंबाचं झाड, आणि गाडीखालून बाहेर आलेले तुमचे पाय. मी आयटीआय करून, वर एका कंपनीचं ट्रेनिंग करून आले होते. डिझेल मेकॅनिकच्या आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी होते, याचं मला भूषण होतं आणि तुम्हाला काळजी. तरी मी हट्ट धरला म्हणून तुम्ही हैदराबादला गेलात आणि माझ्यासाठी इंजिनातला बिघाड वाचणारा जुना स्कॅनर घेऊन आलात. त्यावरची इंग्रजी अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती. एसटीतून उतरलात तेव्हा तो टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता. म्हणालात, "हे तुझं. मला ह्यातलं काही कळत न्हाई. मला सांगत जा." नव्या पद्धतीचे ट्रक तेव्हा आपल्याकडं मोजकेच येत होते. पण असा एखादा आला की मी स्कॅनर लावायची, कोड वाचायची आणि चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की माझा आवाज थोडा वर चढायचा.

त्या दिवशीही चढला. गाडी अशीच थरथरत आली होती, मध्येच बंद पडत होती. तुम्ही दुसऱ्या ट्रकखाली होता. मी स्कॅनर लावला. डिझेलचं प्रेशर कमी, असा कोड आला. मालक माझ्या शेजारी, डायव्हर त्याच्या मागं. मालकानं विचारलं, कशामुळं होतं असं? आणि मी, बावीस वर्षांची, एका दमात सांगून टाकलं, "डिझेलात भेसळ असणार. गाडीचा डिझेल पंप खराब झालाय त्यानं."

मालक मागं वळतो. डायव्हर म्हणतो, "ताई, म्या एकाच पंपावर टाकी भरतो. पावत्या हायत की माझ्यापशी." मालक पावत्या बघत नाही. हात पुढं करून "चावी दे" एवढंच म्हणतो. डायव्हर केबिनमध्ये चढतो, आपलं पांघरूण, पाण्याचा कॅन, एक पिशवी आणि काचेला चिकटवलेला त्याच्या मुलीचा फोटो घेऊन खाली येतो. फोटो काढताना त्याचा एक कोपरा फाटतो. तो तसाच खिशात ठेवतो आणि चालत रस्त्याला लागतो. मी स्कॅनरची वायर गुंडाळते आहे. मला वाईट वाटलं होतं असं आज म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला तेव्हा मी हुशार असल्यासारखं वाटत होतं.

तुम्ही गाडीखालून बाहेर आलात. हात पुसलेत. सगळं ऐकलं होतंत. मालक गेल्यावर मला विचारलंत, "तू डिझेल बघितलंस का?"

"नाही. पण कोड..."

"कोड काय म्हणला?"

"प्रेशर कमी."

"मग भेसळ कुठून आणलीस?"

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर मी उलट बोलले असते. हातातलं फडकं घडी घालून बाकावर ठेवलंत आणि त्या गाडीला लागलात. टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उभं करून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उन्हाकडं धरून मला दाखवलीत. खाली पाणी साचलं नव्हतं, गाळ नव्हता, वासही डिझेलचाच. मग मेडिकलमधून सलाईनची नळी आणलीत आणि टाकीकडून फिल्टरकडं येणाऱ्या पाइपात मध्ये ती जोडलीत. इंजिन चालू केलं आणि त्या पारदर्शक नळीत बुडबुडे पळायला लागले. पाइप कुठून तरी हवा ओढत होता. तुम्ही वीतभर वीतभर पुढं सरकत टाकीपर्यंत गेलात. एका क्लॅम्पखाली पाइपाला केसासारखी चीर होती. बाहेरून दिसत नव्हती. तो पाइप बदलला आणि गाडी उभ्या जागी शांत चालू राहिली. पंपाला काही झालं नव्हतं. डिझेलला काही झालं नव्हतं. डायव्हर तेवढा गेला होता.

तुम्ही मालकाला फोन केलात. तो म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, दुसरा डायव्हर बघितलाय." मीही तेच म्हणाले, "जाऊ द्या ना अण्णा. आता कुणाला काय कळणार आहे?" त्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि पूर्ण दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना आईला म्हणालात, "उद्या गॅरेज बंद." आई घाबरली. चौदा एप्रिल आणि धम्मचक्राचा दिवस सोडला तर तुम्ही गॅरेज कधी बंद ठेवलं नव्हतं.

त्या डायव्हरच्या गावाचं नाव तुम्ही ट्रान्सपोर्टच्या हमालांकडून काढलं होतं. लोह्यापर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी, मग शेतातून चालत. वाटेत तुम्ही मला एकच सांगितलंत, "तू काही बोलू नको." मी ते शिक्षा म्हणून ऐकलं आणि सोय म्हणून पाळलं. डायव्हर अंगणात बाज विणत होता. त्याची बायको ओसरीवर तूर निवडत बसली होती. तुम्ही चपला अंगणाबाहेर काढल्यात आणि उभ्यानंच म्हणालात, "पाइप फुटला व्हता. डिझेल चांगलं व्हतं. माझ्या गॅरेजात चूक झाली. माझी चूक."

डायव्हरनं सुतळी हातातच धरून ठेवली. त्याच्या बायकोनं मात्र सूप खाली ठेवलं. म्हणाली, "गावात समद्यांला कळलं ह्यांनी डिझेल चोरलं म्हणून. लेकीला साळंत पोरं चोराची म्हणून राहिली. आता तुमी आमच्या अंगणात येऊन सांगितल्यानं काय व्हतंय?"

 तुम्ही म्हणालात, "हाव. बराबर हाय तुमचं." आणि डायव्हरला म्हणालात, "चला माझ्यासंगं."

स्टँडवरच्या हॉटेलात दहाबारा माणसं होती. तुम्ही कमी बोलणारे. घरी भाजीत मीठ नसलं तरी न सांगणारे. तिथं टेबलाजवळ उभे राहिलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात की मी नांदेडचा मिस्त्री, ह्या माणसानं डिझेल चोरलं नाही, गाडीचा पाइप फुटला होता आणि तो मला वेळेवर सापडला नाही. एका म्हाताऱ्यानं आडनाव विचारलं. तुम्ही सांगितलंत. तो जरा थांबला, इतरही थांबले. ते थांबणं मला लहानपणापासून ओळखीचं होतं, तुम्हाला तर किती वर्षांचं. तुम्ही थांबला नाहीत. "कुणाला शंका असल तर गॅरेजात या, फुटका पाइप ठिवलाय, दाखवतो," म्हणालात. मग डायव्हरनं घरून आणलेली पावत्यांची पिशवी टेबलावर ठेवली, आणि हॉटेलवाल्यानं काही न विचारता तिघांना चहा आणून दिला. मी सगळा वेळ दाराशी उभी होते. माझा चहा निवला.

त्या मालकानं त्याला परत घेतलं नाही. पुढं तुमच्या शब्दावर त्याला लोह्याच्या एका शाळेच्या बसवर काम मिळालं. ती बस तुमच्याकडंच यायची. तो आला की मी पार्ट आणायला बाहेर जायची किंवा आत हिशेबाला बसायची. तुम्ही गेलात त्या दिवशीही तो आला होता, सगळं होईपर्यंत माणसांच्या मागं उभा होता. मी त्याला बघितलं आणि दुसरीकडं बघितलं. मग माझं लग्न झालं, लातूरला आले, स्वतःचं वर्कशॉप टाकलं. लोक म्हणतात, बाई मिस्त्री आहे पण तिचं निदान चुकत नाही. असं कुणी म्हटलं की मी विषय बदलते.

तर गेल्या आठवड्यातली गाडी. मी बाहेर आले आणि स्कॅनर लावला. तीन नंबरच्या सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कोड होता, दोन्ही ठिकाणच्या मिस्त्रींनी वाचला तोच. इंजिन चालू ठेवून एकेक सिलिंडर बंद करत गेले. एक बंद केला की थरथर वाढायची, दोन बंद केला की वाढायची. तीन बंद केला तर काही फरकच नाही. म्हणजे तीन नंबर कामच करत नव्हता. पण का करत नव्हता, ते कोड सांगत नाही. मी तीनचा इंजेक्टर काढून पाचला लावला आणि पाचचा तीनला. भेसळीनं इंजेक्टर खराब झाला असेल तर कोड त्याच्याबरोबर पाचला जायला हवा. गेला नाही. तीनवरच राहिला. म्हणजे बिचारा नवा इंजेक्टर चांगला होता आणि डिझेलचाही काही दोष नव्हता. डायव्हर माझ्या खांद्यामागून बघत होता. मी त्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे म्या न्हाई?" मी म्हणाले, "अजून थांबा. काय आहे ते सापडू द्या, मग बोलू."

वायर मीटरवर तपासली तर चांगली दाखवत होती. पण इंजिन बंद असतानाचं ते माप होतं. मग इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत गेले. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम जातो तिथं, जुडगा थोडा वर उचलला आणि थरथर थांबली. सोडला, पुन्हा सुरू. तिथली क्लिप तुटली होती. वायर लोखंडी पट्टीवर टेकली होती, आणि महिनोन्‌महिने घासून तिचं वरचं कव्हर गेलं होतं. मी इंजिन बंद केलं आणि डायव्हरचा हात धरून तिथं नेला. त्याच्या बोटाला उघडी तार लागली. तो हात तिथंच ठेवून उभा राहिला. मी जोड देऊन, वर नळी चढवून, नवी क्लिप बसवून दिली. कोड पुसला. मग भरल्या गाडीनिशी मुरुडच्या रस्त्यानं जाऊन आलो. दिवा लागला नाही. परत येऊन उभी केली तेव्हा आरशात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

संध्याकाळी मालक आला. मी त्याला जुनी क्लिप आणि वायरचा घासलेला तुकडा दाखवला आणि कागदावर लिहून दिलं, त्याला हवं होतं तसं नव्हे, जे होतं ते. वाचून तो म्हणाला, "बरं झालं, निस्तरलं." मी म्हणाले, "हे तुमच्या ट्रकच्या अड्ड्यावर सगळ्यांसमोर सांगा. तिथं आधी जे सांगितलंत ते सगळ्यांसमोरच सांगितलं असणार." त्याला ते आवडलं नाही. पण डायव्हरकडं बघून तो म्हणाला, "चल रे, चहा घेऊ," आणि दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. अड्ड्यावर सांगितलं की नाही मला ठाऊक नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. दुसऱ्याला सांगितलेलं आपण कधी केलं नाही, हे चार दिवस डोक्यात बसून राहिलं. काल सकाळी उठले आणि यांना सांगून निघाले. अहमदपूर मागं टाकून लोह्याकडं वळले. गाव सापडलं, घरही सापडलं. आता स्लॅबचं आहे. तो अंगणातच होता. केस पिकलेत. मला बघून लगेच म्हणाला, "मिस्त्रीची लेक न्हवं?" मी खुर्चीवर बसायच्या आधी बोलून टाकलं. म्हणाले, "त्या दिवशी भेसळ असल्याचं मी बोलले होते. अण्णा नाही. अण्णांनी माझी चूक स्वतःवर घेतली. मला बारा वर्षांत ते सांगता आलं नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग हसला. "ताई, म्या तिथंच उभा व्हतो की. तुमी बोललेलं म्याच ऐकलं."

अण्णा, हे इतकं साधं होतं. मी बारा वर्षं त्याच्यापासून जे लपवत होते ते त्याला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. तो म्हणाला, "तुमचे वडील माझी चूक म्हणले तवा मला राग आला व्हता. म्हणलं, पोरीला पाठीशी घालून राहिला. पर हॉटेलात उभं राहून बोलले तवा राग गेला." त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. तिला मी आठवत होते. ती हसली नाही. म्हणाली, "मिस्त्री आले तवाच म्या ह्यांला म्हणलं व्हतं, बाप आला, ती पोरगी कदी येती बघू. लई दिस लावले तुमी." मी म्हणाले, हो, लावले. ती म्हणाली, "बसा आता. भाकरी खाऊन जावा." मी बसले. त्यांची मुलगी नांदेडला नर्सिंग करते आहे. जेवताना तिच्याच गोष्टी निघाल्या. माझ्या चुकीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

परत येताना मी रडेन असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. तुमचा थोडा राग आला. तुम्ही मला त्या दिवशी बोलू दिलं असतं तर हे बारा वर्षांपूर्वीच संपलं असतं. मग वाटलं, तुम्ही फक्त वाटेत सांगितलं होतं बोलू नको म्हणून. नंतरची वर्षं गप्प राहायला तुम्ही सांगितलं नव्हतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. वर गेल्या आठवड्यातल्या गाडीची तपासणी सांगताना मी सुरुवात गाळली. स्कॅनर लावायच्या आधी मी टाकीचं झाकण उघडलं होतं, बाटलीत डिझेल काढलं होतं आणि वास घेतला होता. डिझेल आधी बघायचंच असतं, तुम्हीच शिकवलंत. पण माझं लक्ष डिझेलात नव्हतं. वास घेताना मी त्या डायव्हरच्या चेहऱ्याकडं बघत होते, तो घाबरतो का ते. आणि त्याला ते कळलं होतं. हे मी त्याला बोलले नाही, लोह्याकडं गेल्यावरही बोलले नाही, घरीही नाही.